शिलाई मशीनच्या आधी पाळणाघर

लाडकी बहीण योजनेचे जुलै २०२४ पासूनचे दरमहा १५०० रुपये बायकांच्या नावाने जमा होऊ लागले आणि कोकणात एक वाद पेटला तो अजून विझलेला नाही. एसटी स्टँडवर, मासळी बाजारात, गणपतीत आलेल्या चाकरमान्यांच्या गप्पांत तो हमखास निघतो. एक बाजू म्हणते, फुकटचे पैसे वाटून बायकांना आळशी करू नका, त्यापेक्षा प्रशिक्षण द्या, हाताला काम द्या. दुसरी म्हणते, जन्मभर बिनपगारी राबलेल्या बाईच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे चार पैसे आले तर तुमच्या पोटात का दुखतं? दोन्हीकडचे तावातावाने बोलतात. पुढे केलं जातं ते मात्र एकाच बाईचं नाव: नवरा वारलेली किंवा नवऱ्याने टाकलेली, पदरात लहान मुलं असलेली, वाडीत एकटीने घर ओढणारी. तिचा दिवस कसा जातो हे मात्र कुणी विचारत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. एकट्या आईला शिक्षणात आणि कामात आणायचं असेल तर रक्कम किती, हा दुसरा प्रश्न आणि प्रशिक्षण कशाचं, हा तिसरा. पहिला प्रश्न असा की ती घराबाहेर असताना मूल कोणाकडे? ह्याचं उत्तर बँकेच्या खात्यात येत नाही आणि तालुक्याच्या प्रशिक्षण वर्गातही मिळत नाही. ते वाडीतच उभं करावं लागतं, वाडीतल्याच माणसांनी, आणि त्या माणसांना त्याचा पगार देऊन.

थेट पैशाची बाजू आधी घेते, कारण ती खरोखर बळकट आहे. खात्यात आलेल्या पैशासाठी कुणाच्या दारात उभं राहावं लागत नाही. मीटिंगची हजेरी नाही, फोटोची रांग नाही. वह्या आणायच्या, डॉक्टरची फी द्यायची की वाण्याची उधारी फेडायची, ते तीच ठरवते. बाईच्या हातात पैसा टिकत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी दुकानातल्या तिच्या खात्याचं पान एकदा डोळ्यांखालून घालावं. इथपर्यंत माझं भांडण नाही. पण ह्या रकमेने एकट्या आईचा प्रश्न मार्गी लागला असं कोणी म्हणालं, तर नियम वाचायला हवेत. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिन्याला १५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. संजय गांधी निराधार योजनेत विधवेला मिळतात १५०० रुपये. म्हणजे कमावता नवरा घरात असलेल्या बाईला १५०० आणि दोन पोरं एकटीने वाढवणाऱ्या विधवेलाही तेवढेच. शिवाय निराधार योजनेसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये, म्हणजे महिन्याला १७५० रुपये. काजूच्या किंवा आंब्याच्या हंगामात चार महिने नेटाने काम केलेली बाई कागदावर 'निराधार' राहतच नाही. मग ती काय करते? काम लपवते, नाहीतर कामाला जातच नाही, कारण हंगाम संपला की काम जाणार आणि पेन्शनही गेलेली असणार. पैशाने बायका आळशी होतात म्हणणाऱ्यांनी हा हिशोब मांडून बघावा. तिला घरी बसवतं ते अनुदान नसून त्याला जोडलेली अट आहे. आणि २०२५ साली ई-केवायसीसाठी नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला तेव्हा दोघंही हयात नसलेल्या बायका अडकून पडल्या. त्यांच्यासाठी नंतर वेगळी सोय आणि मुदतवाढ करावी लागली. जिच्या मागे पुरुष नाही अशा बाईसाठीच मदत आहे म्हणायचं आणि फॉर्ममध्ये पहिली चौकशी पुरुषाची करायची, हे कसं?

आता प्रशिक्षणवाले. महिन्याला १५०० रुपयांत कुणाचा संसार उभा राहत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण त्यांच्याकडचा उपाय तरी काय? तालुक्याला तीन महिन्यांचा शिवणवर्ग, शेवटी प्रमाणपत्र, जमलंच तर शिलाई मशीनचं वाटप आणि पाहुण्यांसोबत फोटो. दाभोळ खाडीच्या काठावरची एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. वर्ग तालुक्याच्या गावी दहाला सुरू होतो, तिथे वेळेत पोचायचं तर सकाळची पहिली गाडी धरायला हवी. ती गाडी सुटते तेव्हा अंगणवाडी उघडलेलीही नसते. अंगणवाडी मूल घेते तीन वर्षांपुढचं, आणि दुपारच्या खाऊनंतर लवकरच सोडते. धाकटं दीड वर्षाचं असेल तर तेवढाही आधार नाही. मोठा दुसरीत असेल तर शाळा सुटल्यावर आई संध्याकाळच्या गाडीने येईपर्यंत तो कुलूप लावलेल्या घराच्या पायरीवर. वाटेत खाडी, विहीर, रस्त्यावरचे चिऱ्याचे ट्रक. पावसाळ्यात झाड पडलं, दरड आली की परतीची गाडी तरी येईल का, ह्याचा भरवसा नाही. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं ही फार मोठी सोय आहे, मी स्वतः रोज तिचा फायदा घेते. पण तिकिटाचा दर हा तिच्या अडचणीतला सगळ्यात लहान भाग होता. वर्ग सोडून गेलेल्या बायकांबद्दल आयोजक म्हणतात, त्यांना जिद्दच नाही. दीड वर्षाचं पोर कोणाच्या ओटीत टाकून तिने जिद्द दाखवायची होती?

आणि ती रिकामी बसलेली नसते, हे तर कोणीच ध्यानात घेत नाही. आमच्या भागात काजू फोडायला घरी आणणाऱ्या कितीतरी बायका आहेत. कारखान्यात गेलं तर मजुरी बरी, पण मूल नेता येत नाही. म्हणून ती पिशवी घरी आणते आणि किलोवर मिळेल ते घेते. काजू फोडणं कारखान्यात असो की घरी, टरफलातलं तेल बोटांना लागतं आणि कातडी जळते. बोटांची टोकं काळी पडतात, सालं निघतात, भाकरी थापताना झोंबतं. मी पाहिलेली एक तरुण आई उजव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळून काम करत होती आणि मधे मधे डाव्या हाताने रांगणाऱ्या मुलाला टोपलीपासून मागे ओढत होती. पोराने हात घालून तोच डोळ्याला लावला तर, ह्या धास्तीने तिचं निम्मं लक्ष तिकडे. जे काम तिने दुपारपर्यंत उरकलं असतं ते रात्री दिवा लावून चालायचं. तिला कौशल्य शिकवायला निघालेल्यांनी हे बघावं. कौशल्य तिच्याकडे आहे. सलग चार तास नाहीत. ते चार तास कुणी दिले तर त्याच बाईची कमाई वाढेल, एकही प्रमाणपत्र न छापता.

हे तत्त्व कायद्याला नवं आहे का? १९४८ च्या कारखाना कायद्यात ज्या कारखान्यात तीसपेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघराची सक्ती होती. २०१७ साली मातृत्व लाभाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर आलं. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर ती सांभाळायला एका बाईला नेमून मजुरी द्यायची, असं केंद्राच्या २००५ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. आणि रोजगार हमी ही तर महाराष्ट्राची देशाला देणगी, इथला कायदा १९७७ चा. म्हणजे आई कामावर असताना मूल सांभाळणं हा कामाच्याच रचनेचा भाग आहे, हे आपण पंचाहत्तर वर्षांपूर्वी मान्य केलेलं आहे. कोकणात घोडं अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. इथले काजूचे, आमसुलाचे, कॅनिंगचे उद्योग लहान, दहा-पंधरा बायकांचे. रोहयोची मोठी कामं इथे फारशी निघत नाहीत. त्यामुळे एकही कायदा त्या वाडीपर्यंत पोचत नाही. मोठ्या कारखान्याला जे मालकाने द्यायचं, ते विखुरलेल्या वाड्यांना सगळ्यांनी मिळून द्यावं लागेल. सामुदायिक कार्यक्रम हवा म्हणते तो ह्यासाठी, गावकी फार चांगली असते अशा भाबड्या समजातून नाही.

इतिहासाकडे वळलं की ही गोष्ट जास्त स्पष्ट होते, आणि तो इतिहास कोकणातलाच आहे. देवरुखच्या जोशींच्या घरात गोदूबाई आणि पार्वतीबाई ह्या दोन बहिणी. गोदूबाई बालविधवा. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा त्या तिथे शिकायला गेल्या. सदन काढणाऱ्या रमाबाई स्वतः विधवा होत्या आणि मुलगी मनोरमा हिला एकट्याने वाढवत होत्या, ही बाब शाळेच्या पुस्तकात येत नाही, पण यायला हवी. त्या सदनात राहायची सोय होती, जेवणाची होती आणि मग अक्षरांची होती. १८९३ साली गोदूबाईंनी मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांशी लग्न केलं. मुरुडकरांनी ह्या जोडप्याला वाळीत टाकलं. कर्व्यांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला आणि तो पुढे हिंगण्याला वाढला. धाकट्या पार्वतीबाई आठवल्यांना विशीत वैधव्य आलं होतं, पदरात मुलगा होता. पंचविशी उलटल्यावर त्या शिकायला बसल्या आणि पुढे त्याच आश्रमाच्या व्यवस्थापक झाल्या. संस्थेसाठी वर्गणी जमवायला, मोडक्यातोडक्या इंग्रजीवर, अमेरिकेपर्यंत गेल्या. जिद्द होतीच, पण त्या जिद्दीला राहतं घर होतं, बहिणीचा संसार जवळ होता आणि शिकवणारी माणसं त्याच छपराखाली होती. कर्व्यांनी पार्वतीबाईंना हिंगण्याहून एखादं यंत्र देवरुखला पाठवलं असतं तर काय झालं असतं?

ह्या गोष्टीची दुसरी बाजू आपल्याला टोचायला हवी. दोन्ही बहिणींना मदत मिळाली ती देवरुख सोडल्यावर. सुधारक कोकणाने दिले, पण सुधारणा मुंबई-पुण्यात झाली. गावाने दिला तो बहिष्कार. त्याच देवरुखात मदत गावातच उभी राहायला १९५४ साल उजाडलं, जेव्हा इंदिराबाई हळबे ह्या विधवा बाईने गुरांच्या गोठ्यात दोन खाटांचं प्रसूतिगृह सुरू केलं. त्याचंच पुढे मातृमंदिर झालं: दवाखाना, बालवाड्या, निराधार मुलींसाठी घर. मावशी हळब्यांनी काम सुरू केलं ते बाळंतिणीच्या आणि बाळाच्या गरजेपासून, बाकीचं त्यातून वाढत गेलं. आजच्या योजना ह्याच्या बरोबर उलट्या क्रमाने आखल्या जातात.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. कोकणात काम आहेच कुठे? पोरं मुंबईला जातात, निम्म्या घरांना कुलपं, आंबा दोन महिने, मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद. पाळणाघर काढाल, बायकांना बारावी कराल, मग पुढे काय? आक्षेप खोटा नाही. माझ्याच ओळखीच्या मुली नर्सिंगचा कोर्स करून पनवेल-ठाण्याला गेल्या आणि तिकडच्याच झाल्या. पण एकटी आई सहसा जाऊ शकत नाही. घर आहे, मुलांची शाळा आहे, म्हातारी सासू आहे. जी जाणार नाही तिच्यावरचा खर्च गावातच राहतो, हे आक्षेप घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आणि कामच नाही हे अर्धसत्य आहे. कुलपं नसलेल्या घरांत कोण राहतं ते मोजा. सत्तरी-ऐंशीचे आईवडील, ज्यांची मुलं मुंबईत. त्यांना वेळेवर गोळ्या देणारं, साखर तपासणारं, आंघोळ घालणारं, रात्री सोबतीला झोपणारं माणूस हवं असतं आणि मुंबईकर त्यासाठी पैसे मोजायला तयार असतात. आज हे काम तोंडओळखीवर, कसल्याही प्रशिक्षणाशिवाय, मालक देईल त्या दरात चालतं. गावच्या ग्रामसंघाने, म्हणजे बचत गटांच्या संघाने, ह्याचं प्रशिक्षण घेतलं, दर ठरवला, बाई आजारी पडली तर बदली द्यायची जबाबदारी घेतली, तर हाच कोकणातला बारमाही रोजगार आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. तो गट एकल महिलांसाठी म्हणून काढलेला नाही, पण त्याची घडण बघावी. होडी ओळखीची, खाडी ओळखीची, काम घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि एकीला अडचण आली की दुसरी वल्हं धरणार. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना तरी स्वयंपाक कोणी शिकवायचा होता? १९७५ साली प्रेमा पुरव ह्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते त्यांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला, एकमेकींना जामीन ठेवून.

शिक्षणाचंही तसंच. नववीत लग्न झालेल्या बाईला १७ नंबरचा फॉर्म भरून दहावी-बारावी बाहेरून देता येते, पुढे नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची वाट आहे. अंगणवाडी सेविकेला आता बारावी पास लागते, विधवांना वयात सवलतही आहे. वाट आहे, पण ती एकटीने चालवत नाही. फॉर्मची तारीख कोण सांगणार, गणिताला कोण बसवणार, परीक्षेच्या दिवसांत मूल कोण बघणार? समाजमंदिरात संध्याकाळी दोन तास दिवा लागला, गावातल्या निवृत्त गुरुजींना मानधन दिलं आणि शेजारच्या खोलीत मुलं खेळत राहिली, एवढ्यावर किती बायका बारावी होतील!

आणखी एक आक्षेप माझ्या मैत्रिणी घेतात आणि तो मला सगळ्यात लागतो. त्या म्हणतात, ज्या गावाने तिला छळलं त्याच गावाच्या हातात तिची मदत देतेस? खात्यातले पैसे निदान टोमणे मारत नाहीत. खरं आहे. जानेवारीत बचत गटांची हळदीकुंकवं होतात. व्यासपीठावर सक्षमीकरणाचं भाषण, आणि त्याच गटाचं हिशोबाचं वहीखातं वर्षभर चोख ठेवणारी विधवा मागच्या खुर्चीवर, नाहीतर चहाच्या भांड्यांपाशी. वाण वाटत पुढे येणारी बाई तिच्यापाशी आली की नजर चुकवून पुढच्या खुर्चीकडे वळते. हे मी पाहिलं आहे आणि दर वर्षी पाहते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं. पण ठरावाने हळदीकुंकू बदलत नाही, पद दिल्याने बदलतं. गटाची अध्यक्ष किंवा सचिव एकल महिलाच असेल, पाळणाघराची किल्ली तिच्याकडे असेल, तर त्याच बायकांना मूल सोडायला रोज तिच्या दारात यावं लागेल. गाव वाईट आहे म्हणून गाव टाळायचं, हा मार्ग मुंबईत खोली घेऊ शकणाऱ्यांसाठी आहे. जिला ह्याच वाडीत म्हातारं व्हायचं आहे तिला गावच बदलून हवं.

शिवाय काही कामं खात्यातला पैसा करूच शकत नाही, आणि कागद हे त्यातलं पहिलं. कोकणातला सातबारा सामाईक, त्यावर आजोबांपासूनची वीस-पंचवीस नावं, निम्मे मुंबईत, काही वारलेले. विधवेची वारस नोंद लावायला भावकी टाळाटाळ करते. निसर्ग वादळात, ३ जून २०२० रोजी, दापोली-श्रीवर्धनच्या सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. भरपाई सातबाऱ्यावरचं नाव बघून मिळणार होती आणि बाग शिंपणाऱ्या कित्येकींचं नाव त्यावर नव्हतं. समुद्रात गेलेला खलाशी परत आला नाही, मृतदेह मिळाला नाही, तर कायदा मृत्यू गृहीत धरायला सात वर्षं मागतो. तोवर त्याची बायको सधवा की विधवा? टाकलेल्या बाईकडे घटस्फोटाचा निकाल मागतात, मुलांच्या जातीच्या दाखल्याला बापाच्या घरचे कागद मागतात, ज्या घराने तिला हाकललं त्या घरचे. अशा वेळी तिच्यासोबत तहसीलला चार खेपा घालणारी, कुठल्या टेबलावर काय विचारायचं ते माहीत असलेली बाई लागते. २०२१ साली करोनाने नवरा गेलेल्या बायकांसाठी 'मिशन वात्सल्य' आलं, तालुक्याला समित्या झाल्या, अंगणवाडी सेविका घरोघर गेल्या, आणि जिथे समिती खरोखर बसली तिथे दाखले आणि बाल संगोपन योजनेचे अर्ज पटापट मार्गी लागले. मग दारूने, अपघाताने किंवा समुद्रात नवरा गेलेल्या बाईसाठी तीच समिती का बसू नये? बाल संगोपनचे मुलामागे महिन्याला २२५० रुपये एकल पालकाच्या मुलांना मिळू शकतात, हे आजही कितीतरी घरांना ठाऊक नाही. ही योजना बायको गेलेल्या बापालाही लागू आहे. आपल्याकडे असा बाप मूल बहिणीकडे ठेवून बोटीवर जातो, आणि ती बहीण कोणाच्या हिशोबात नसते. पाळणाघर तिच्यासाठीही आहे.

अशी मदत दिली तर संसार मोडतील, बायका उठसूट माहेरी येतील, असंही दबक्या आवाजात म्हटलं जातं. मुरुडकरांनाही १८९३ साली धर्म बुडेल असं वाटलं होतं. मार खात नांदणारीला बाहेर पडायची वाट दिसली तर ती पडेल, हे खरं, आणि ते मला हवंच आहे.

राहिला पैसा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. अनेक गावांत त्यातून खुर्च्या, भांडी, एखादी सहल, आणि पुन्हा शिलाई मशीन असा खर्च निघतो. एक खोली ग्रामपंचायतीची, वाडीतल्याच दोन बायका सकाळी सात ते संध्याकाळी सहा पाळीने, त्यांना नियमित पगार, दूध आणि खिचडी, वर एक कागदपत्रांची जाणकार बाई आठवड्यातून दोन दिवस. लहान गावाला एकट्याने झेपणार नाही, तर तीन-चार ग्रामपंचायतींनी एकत्र यावं, उरलेलं जिल्हा नियोजनातून मागावं. त्या दोन बायकांचा पगार ही अट मी सोडणार नाही. सेवाभाव म्हणून फुकट मुलं सांभाळायला लावलेल्या बाया म्हणजे आणखी दोन बिनपगारी बाया, आणि असं पाळणाघर भातलावणी आली की बंद पडतं. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत बायकांनी वहीपेन घेऊन जावं आणि गेल्या तीन वर्षांचा १० टक्क्यांचा खर्च वस्तूनिहाय वाचून दाखवायला सांगावं. तो हिशोब गावापुढे यायलाच हवा. शिलाई मशीन किती आली आणि त्यातली आज किती चालू आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा.